शेतात अफू, घरात वेदना

बोंडाला चीर देऊन काढलेला अफूचा चीक कायदेशीर रीतीने परदेशी विकणारा जगातील एकमेव देश म्हणजे भारत. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक जिल्ह्यांत शेतकऱ्यांना त्यासाठी परवाने मिळतात, चीक सरकारच विकत घेते आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत तो शुद्ध होतो. वेदनाशामक मॉर्फिनचा कच्चा माल तो हाच.

याच देशात १९९७ साली वर्षभरात वैद्यकीय उपचारांसाठी वापरले गेलेले मॉर्फिन होते अवघे १८ किलो.

हा आकडा किती लहान आहे हे साध्या हिशेबाने कळते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत एखाद्या रुग्णाला दिवसाला ६० मिलिग्रॅम मॉर्फिन लागते असे धरले, तर तीन महिन्यांना साधारण साडेपाच ग्रॅम होतात. म्हणजे १८ किलोंत जेमतेम तीन-साडेतीन हजार माणसांचे अखेरचे तीन महिने सुसह्य होतात. देशात कर्करोगाचे रुग्ण त्या वेळीही लाखांनी मोजले जात होते.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, अवघ्या बारा वर्षांपूर्वी, १९८५ साली, हा वापर पुष्कळ अधिक होता. बारा वर्षांत तो जवळजवळ ९७ टक्क्यांनी घसरला. दुष्काळ नव्हता, पीक बुडाले नव्हते, कारखाने बंद पडले नव्हते आणि मॉर्फिनवर कोणी बंदीही घातली नव्हती. मग औषध गेले कुठे? याचे उत्तर औषधशास्त्रात सापडत नाही. ते महसुलाच्या आणि कायद्याच्या इतिहासात शोधावे लागते.

आधी औषधाविषयी थोडे. अफू वेदना शमवते हे माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक होते, पण तिच्यात एक मोठी अडचण होती. एका शेतातील अफूचा गुण दुसऱ्या शेतातील अफूला नसे. तेवढ्याच वजनाची गोळी एकाला निजवी आणि दुसऱ्याला कायमची निजवी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याच्या तरुण साहाय्यकाने अफूतील गुणकारी द्रव्य वेगळे काढले. पुढे त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर त्याचा प्रयोग केला. थोड्या थोड्या अंतराने तीनदा मात्रा घेतल्यावर चौघांची अवस्था अशी झाली की ओकारी व्हावी म्हणून व्हिनेगर प्यावे लागले. ग्रीक पुराणकथेतील स्वप्नदेव मॉर्फिअस याच्यावरून त्या द्रव्याला नाव मिळाले.

म्हणजे मॉर्फिनची उपयुक्तता आणि त्याचा धोका ही दोन्ही ज्ञाने एकाच घटकेला जन्मली. मॉर्फिन मेंदूतील ज्या ग्राहींना चिकटून वेदनेचा निरोप मंदावते, त्याच प्रकारच्या ग्राही श्वासाचा वेगही ठरवतात. मात्रा एकदम वाढली, किंवा दारू अथवा झोपेच्या गोळ्यांची जोड मिळाली, की श्वास मंद होत होत थांबतो. शरीराला औषधाची सवय होते, त्यामुळे ते अचानक तोडता येत नाही आणि काहींच्या बाबतीत सवयीचे व्यसन होते. परंतु तोंडावाटे, लहान मात्रेपासून सुरू करून, वेदनेच्या मापाने हळूहळू वाढवत नेले तर हेच औषध महिनोन्‌महिने सुरक्षितपणे देता येते. मोजमाप झाले की विषाचे औषध होते. मोजणारा माणूस मात्र शिकलेला हवा. ही शेवटची अट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

आता भारत. ईस्ट इंडिया कंपनीने अफूकडे औषध म्हणून कधीच पाहिले नाही. बंगाल प्रांतात अफूचा मक्ता कंपनीचा होता. शेतकऱ्याने पीक कंपनीलाच द्यायचे, पाटणा आणि गाझीपूर येथे त्याच्या पेट्या भरायच्या, कलकत्त्यात लिलाव आणि पुढे चीन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर काही वर्षे ब्रिटिश हिंदुस्थानच्या महसुलाचा सुमारे सातवा हिस्सा एकट्या अफूतून येत असे. १८५७ आणि १८७८ चे अफू कायदे हा महसूल राखण्यासाठी होते. विनापरवाना अफू बाळगणे गुन्हा होता, कारण त्यात सरकारचे नुकसान होते.

पश्चिमेकडची कथा निराळी, आणि तिचा संबंध थेट मराठ्यांशी आहे. माळव्यातील अफू पिकत होती ती शिंदे, होळकर आदी संस्थानिकांच्या मुलखात. १८१८ नंतर कंपनीने तिच्यावरही मक्तेदारी बसवण्याचा प्रयत्न केला, पण व्यापाऱ्यांनी तो हाणून पाडला. पेट्या राजपुतान्यातून कराचीकडे आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागल्या. अखेर कंपनीने हात टेकले आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवाना-शुल्क आकारायला सुरुवात केली. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर चोरवाट बंद झाली, तसे शुल्क भराभर चढले. १८३५ मध्ये पेटीमागे १२५ रुपये होते, ते १८४७ मध्ये ४०० वर पोहोचले. आज ज्या नीमच-मंदसौर भागात परवान्याची अफू पिकते, तो याच व्यापाराचा जुना मुलूख होय.

मुंबई शहराच्या वाढीत या पेट्यांचा वाटा मोठा आहे. जमशेटजी जिजीभाईंनी चीनच्या व्यापारात कमावलेल्या संपत्तीत अफूचा भाग होता, आणि त्याच जमशेटजींच्या देणगीतून १८४५ मध्ये भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. अफूच्या पैशांतून रुग्णालय निघाले, अफूचा पैसा असा रुग्णापर्यंत पोहोचला. अफूतील औषध मात्र लंडनच्या व्यापाऱ्यांना तुर्कस्तानची अफू आवडे तिच्यातून तयार होई, कारण तिच्यात मॉर्फिनचे प्रमाण जास्त असे. हिंदी अफू चिलमीसाठी, तुर्की अफू दवाखान्यासाठी, अशी ही वाटणी होती.

देशातील सामान्य माणूस अफू वापरत होता तो घरगुती औषध म्हणून. हगवण, खोकला, सांधेदुखी, थंडीताप यांवर ती होती. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना ‘बाळगोळी’ देत. तिच्यात अफू असे. आई पाळीवर असेपर्यंत मूल निजून राही. काही मुले उठत नसत. अफूच्या धोक्याचा हा चेहरा कोणत्याही अफूअड्ड्यापेक्षा अधिक भेदक आहे, आणि त्याचे कारण व्यसनात नव्हते, पाळणाघर नसण्यात होते.

१८९३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या मागणीवरून अफूविषयी शाही आयोग नेमला गेला. लॉर्ड ब्रॅसी त्याचे अध्यक्ष होते. सातशेहून अधिक साक्षी झाल्या, मुंबईतही बैठका झाल्या. १८९५ च्या अहवालाने निर्वाळा दिला की, हिंदुस्थानात अफू बहुतांशी माफक प्रमाणात आणि औषधासारखी घेतली जाते, सबब बंदीची गरज नाही. आयोगाचे एक सदस्य हेन्री विल्सन यांनी मात्र निराळे मत नोंदवून ठेवले. चौकशीचा कल आधीच ठरलेला होता, असा त्यांचा आक्षेप होता. महसुलाच्या वकिलांना ‘औषध’ हा शब्द तेव्हा फार उपयोगी पडला. रुग्णाचे नाव पुढे करून खजिना वाचवला गेला. पुढच्या शतकात नेमके उलट घडायचे होते.

कारण विसाव्या शतकात वारे फिरले. १९०७ च्या करारानुसार चीनला जाणारी अफू टप्प्याटप्प्याने बंद झाली. १९१२ मध्ये हेगचा आंतरराष्ट्रीय करार झाला. हिंदुस्थानात १९३० चा घातक औषधे कायदा आला. राष्ट्रीय चळवळीने दारूबरोबर अफूलाही विरोध केला होताच. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ठरले की दहा वर्षांत अफूचे सेवन थांबवायचे, आणि १९५९ पासून औषधी कारण सोडून अफू विकणे बंद झाले. तोपर्यंत गाझीपूरच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून मॉर्फिन आणि कोडीन तयार होऊ लागले होते.

१९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली मादक औषधांविषयीचे सारे जुने करार एकत्र करून एक करार झाला. त्याच्या उद्देशिकेत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. व्यसन हे माणसावरील अरिष्ट आहे ही एक, आणि वेदना कमी करण्यासाठी ही औषधे अपरिहार्य आहेत, ती पुरेशी मिळतील अशी तजवीज राष्ट्रांनी केली पाहिजे ही दुसरी. भारताने करारावर सही केली. बहुतेक राष्ट्रांनी त्यातील पहिला भाग मनापासून वाचला आणि दुसऱ्यावरून नजर फिरवली. भारतही त्यांत होता.

करारातील मुदती संपत आल्या होत्या. अफगाणिस्तान, पाकिस्तानकडून हेरॉइन पश्चिमेकडे जाताना भारतातून जाऊ लागले होते. या वातावरणात १९८५ मध्ये संसदेने गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत केला. तोच आज ‘एनडीपीएस’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला.

कायदा कडक होता. मॉर्फिनसारख्या द्रव्याच्या बाबतीत नियमभंग झाला तर किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड होता. किती द्रव्य सापडले यावर शिक्षा बहुतेक बदलत नसे. आरोपीचा हेतू दुष्ट होता असे न्यायालयाने गृहीत धरायचे आणि तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. १९८९ च्या दुरुस्तीने जामीन अवघड केला आणि काही पुनरावृत्त गुन्ह्यांना फाशी सांगितली.

आता हे सारे एखाद्या औषधविक्रेत्याच्या जागी उभे राहून वाचावे. दुकानात मॉर्फिनच्या गोळ्यांची एक बाटली. वर्षाकाठी तिच्यातून मिळणारा नफा नगण्य, कारण औषध जुने आणि स्वस्त. नोंदवहीत एक आकडा चुकला, दोन गोळ्या कमी भरल्या, तर दहा वर्षे तुरुंग. कोणता शहाणा माणूस ती बाटली ठेवील? दुकानांनी ती ठेवणे बंद केले. मागणी संपली तशा कंपन्यांनी गोळ्या करणे सोडले. रुग्णालयांनी मागणीपत्रे पाठवणे थांबवले. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात, इथे ओलेच आधी जळाले. तस्करांना परवान्याची गरज कधीच नव्हती.

वास्तविक कायद्याच्या आठव्या कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगाला स्पष्ट सूट होती. पण सूट अमलात आणण्याचे नियम दहाव्या कलमाने राज्यांवर सोपवले, आणि प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. बहुतेक ठिकाणी ते काम दारूचे परवाने देणाऱ्या अबकारी खात्याकडे गेले. मॉर्फिन हवे असलेल्या रुग्णालयाला औषध बाळगण्याचा परवाना, दुसऱ्या राज्यातून आणण्याचा परवाना, ज्या राज्यातून यायचे तेथून बाहेर पाठवण्याचा परवाना, वाहतुकीचा परवाना असे चार-पाच कागद लागत. सगळे एकाच वेळी वैध असले पाहिजेत. तिसरा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. कोणत्याही अधिकाऱ्याला रुग्णाचे वाईट चिंतायचे नव्हते. सही न केल्याबद्दल मात्र कोणी जाब विचारीत नसे, आणि सही केलेला माल कुठे गळला तर जाब निश्चित होता.

या साखळीतील सर्वांत खोल घाव सावकाश पडला आणि म्हणून दिसला नाही. औषध रुग्णालयात नाही, म्हणून विद्यार्थ्यांना ते कधी दिलेले पाहायला मिळत नाही. पाच-सहा तुकड्या अशा बाहेर पडल्या की, मॉर्फिन म्हणजे व्यसन आणि मृत्यू एवढेच त्यांच्या डोक्यात राहिले. पुढे औषध मिळू लागले तेव्हा ते लिहून देणारा हात उरला नव्हता.

दैवयोग असा की, दिल्लीत हा कायदा लागू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेविषयीची आपली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिची तीन पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध आहे. साधे वेदनाशामक, मग सौम्य ओपिऑइड, मग मॉर्फिन. शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळाच्या काट्याबरहुकूम, दुखण्याची वाट न पाहता. गरीब देशांतही हे जमेल, कारण औषध स्वस्त आहे, हे तिचे सूत्र होते. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांच्या पुढाकाराने ‘शांती अवेदना सदन’ सुरू झाले. बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांसाठीचे हे देशातले पहिले शुश्रूषागृह. पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली. टाटा स्मारकासारख्या मोठ्या संस्थेला परवान्यांचा पाठपुरावा करायला माणसे ठेवता येत होती. जिल्ह्याच्या गावातील रुग्णाला मुंबई गाठणे एवढाच मार्ग होता.

वाट निघाली ती केरळात. १९९३ मध्ये कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी वेदना व पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन केली. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे रोग हटत नसेल तेव्हाही रुग्णाच्या यातना हटवणारी शुश्रूषा. कोझिकोडच्या केंद्रात रुग्णाला तपासून, औषधाची मात्रा बसवून, गोळ्या घरी दिल्या जात. घरच्या माणसांना त्या कशा द्यायच्या ते शिकवले जाई. गावोगावच्या स्वयंसेवकांनी जखमा धुण्यापासून शिधा पोहोचवण्यापर्यंतची कामे उचलली.

पण अधिकाऱ्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर भावनेने देता येत नव्हते. घरी दिलेल्या गोळ्या बाजारात जाणार नाहीत कशावरून? राजगोपाल यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अभ्यासकांबरोबर याची तपासणी केली. दोन वर्षांत १,७२३ बाह्यरुग्णांना तोंडावाटे घेण्याचे मॉर्फिन दिले गेले होते. त्यात गैरवापराचे किंवा औषध बाहेर गळाल्याचे एकही प्रकरण सापडले नाही. हा निष्कर्ष २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. या अभ्यासाचा अर्थ मॉर्फिन निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. शिकलेला डॉक्टर, हिशेबाची वही आणि रुग्णाच्या घरापर्यंत जाणारी माणसे ही तिन्ही असली तर काय होते, एवढेच तो सांगतो. १,७२३ हा आकडा त्या व्यवस्थेसकट वाचला पाहिजे.

याच सुमारास दुसरा रस्ता न्यायालयातून निघाला. आईच्या कर्करोगात मॉर्फिन मिळवता न आलेल्या एका औषधशास्त्रज्ञाच्या धडपडीतून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९८ मध्ये न्यायालयाने मॉर्फिनचे परवाने लवकर देण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी केंद्राच्या महसूल विभागाने राज्यांना एक नमुना-नियमावली पाठवली. चार-पाच कागदांऐवजी एक मान्यता, अबकारीऐवजी औषध नियंत्रक. केरळने ती उचलली. बऱ्याच राज्यांनी ती फायलीत ठेवली, कारण नमुना हा नमुनाच होता, बंधनकारक नव्हता. काही राज्यांनी नियम बदलले आणि तरीही तिथे औषध पोहोचले नाही. दोर सोडला तरी वासराला बाहेर पडायची सवय राहिली नव्हती.

नेमक्या याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला उलटी चूक आकार घेत होती. ती समजून घेतल्याशिवाय भारतीय अधिकाऱ्यांच्या भीतीला न्याय मिळणार नाही.

१९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले होते. रुग्णालयात दाखल असताना ओपिऑइड मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाची केवळ चार प्रकरणे आढळली, एवढेच त्यात होते. हे रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या काळासाठी औषध घेत होते. पुढे शेकडो लेखांनी त्या पत्राचा दाखला दिला, आणि दाखला देताना ‘रुग्णालयात दाखल असताना’ हे शब्द गळत गेले. उरले ते ‘व्यसन एक टक्क्याहूनही कमी’. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकोडोनची संथपणे विरघळणारी गोळी ‘ऑक्सिकॉन्टिन’ या नावाने बाजारात आणली. औषध सावकाश भिनते, म्हणून त्याचा गैरवापर कमी होईल असे मानले जाते, अशा अर्थाचे विधान सरकारी मान्यतेने तिच्या माहितीपत्रकात होते. त्यामागे कोणताही अभ्यास नव्हता. लोकांनी गोळी कुटून पूड केली की बारा तासांची मात्रा एका क्षणात मिळे. विक्रेत्यांच्या फौजा कंबरदुखीवर आणि गुडघेदुखीवर ती लिहून द्या म्हणून गावोगावच्या डॉक्टरांकडे फिरत होत्या.

२००७ मध्ये कंपनीने औषधाविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला आणि सहाशे दशलक्ष डॉलरच्या वर दंड भरला. २०२० मध्ये पुन्हा गुन्हे कबूल केले. मग डॉक्टरांनी हात आखडते घेतले, तसे सवय लागलेले लोक हेरॉइनकडे आणि पुढे चोरबाजारातील फेंटानिलकडे वळले. २०२१ या एका वर्षात ओपिऑइडच्या अतिमात्रेने तिथे ८० हजारांच्या आसपास माणसे मेली.

ही आकडेवारी भारतात पोहोचली आणि दुधाने तोंड भाजलेल्याचे पाहून इथे ताक फुंकले जाऊ लागले. वेदनेची औषधे मोकळी केली की असे होते, हा धडा सोपा वाटतो. पण अमेरिकेत मोकळे झाले होते ते विक्रीचे दार. भारतात बंद होते ते उपचाराचे.

भारतातही धोका होता, तो फक्त पहारा असलेल्या जागी नव्हता. मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळीसाठी चार खात्यांचे शिक्के लागत असताना ट्रॅमाडॉल हे कृत्रिम ओपिऑइड कितीतरी वर्षे एनडीपीएसच्या यादीतच नव्हते. पंजाबसारख्या राज्यांत त्याचा गैरवापर फोफावला, भारतात तयार झालेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पोहोचल्या, आणि तेव्हा कुठे एप्रिल २०१८ मध्ये ते यादीत आले. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांची कथा याहून जुनी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे दोन टक्के लोक ओपिऑइड घेत होते. त्यांतले सर्वाधिक हेरॉइन घेणारे आणि त्याखालोखाल औषधी गोळ्या-बाटल्या घेणारे. म्हणजे चौतीस वर्षांच्या कडक कायद्याने व्यसन रोखलेले नव्हते.

सुधारणेचा रेटा २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेने वाढला. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एनडीपीएसमधील सक्तीची फाशी घटनेत बसत नाही असा निकाल दिला. त्याचा मॉर्फिनशी थेट संबंध नव्हता, पण कायदा पुन्हा उघडण्याला त्यानेही हातभार लागला. फेब्रुवारी २०१४ मध्ये, पंधराव्या लोकसभेच्या अगदी अखेरच्या दिवसांत, दुरुस्ती विधेयक संमत झाले. तेलंगणाच्या गदारोळात वृत्तपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा नवा वर्ग निर्माण केला. पुढे त्यात सहा औषधे आली : मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन. त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे गेला. २०१५ च्या नियमांनुसार रुग्णालयाने राज्याच्या औषध नियंत्रकाकडे एकच अर्ज करायचा. ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ हा दर्जा मिळाला की औषध बाळगता, मागवता आणि रुग्णाला देता येते. प्रशिक्षित डॉक्टर असणे ही त्याची अट, आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक गोळीची नोंद ठेवणे ही दुसरी. कायद्याच्या चौथ्या कलमात केंद्र सरकारच्या कर्तव्यांत व्यसनाला आळा घालण्याबरोबर वैद्यकीय वापराची सोय करणे हेही शब्द आले. १८५७ पासूनच्या अफू कायद्यांत खजिना होता, पोलीस होते, तस्कर होता. रुग्ण आला तो १५७ वर्षांनी.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने जगभरातील वेदनाशमनाचा ताळेबंद मांडला. वर्षाला सुमारे ३०० टन मॉर्फिनइतकी ओपिऑइड औषधे जगात वितरित होत होती, आणि अतिगरीब देशांच्या वाट्याला त्यातील टनाचा दहावा भाग येत होता. भारतात गरजेच्या सुमारे चार टक्केच पुरवठा होता. अफू पिकवणाऱ्या देशाचे हे चार टक्के.

यापुढची अडचण कायद्यात राहिलेली नाही. मान्यता सहज मिळते तिथेही अर्ज करायला प्रशिक्षित डॉक्टर लागतो, आणि तोच नाही. वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअर हे विषय देशाच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात रीतसर समाविष्ट झाले ते २०१९ पासून. त्या वर्षी प्रवेश घेतलेली पहिली तुकडी अंतिम परीक्षेला बसली २०२४ मध्ये.